टोपणभर पाणी

आकाराम लोंढेची ओळख करून द्यायची तर पुराच्या वर्षापासून सुरुवात करावी लागते, कारण त्याचं सगळ्यात गाजलेलं वाक्य त्या वर्षीचं आहे. २००५ साल. पंचगंगा खालच्या गल्ल्यांमधून बिनदिक्कत हिंडत होती. उपशाच्या मोटारी पाण्याखाली गेल्यामुळे सगळ्या गावाचे नळ कोरडे पडले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी धोंडुबाई गुडघाभर पाण्यात उभी होती, कडेवर रिकामी घागर. समोरून आकाराम चालत आला, खांद्यावर लोखंडी चावी. धोंडुबाई ओरडली, "आकारामा, मुडद्या, पाणी कवा सोडणार हैस?"

आकारामनं रस्त्याच्या वरच्या टोकाकडं बघितलं, खालच्या टोकाकडं बघितलं आणि म्हणाला, "सोडलंय की."

तो हसला नाही. तो कधीच हसायचा नाही. माणसं हसून हसून भिंतीला टेकली, आणि हा चावी घेऊन पुढच्या गल्लीत शिव्या खायला निघून गेला.

आकाराम पाणी सोडायचा. म्हणजे रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडायचं, छातीइतक्या उंचीची चावी आत घालायची, आडव्या दांड्याला धरून व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि या गल्लीचं पाणी बंद करून त्या गल्लीला द्यायचं. उभा दांडा आणि वर आडवा दांडा, म्हणून ती चावी क्रुसासारखी दिसते, असा मुद्दा पुढे आमच्या एका पाहुण्या उपदेशकानं प्रवचनात काढला. आकाराम बाहेर येऊन मला म्हणाला, "मास्तर, ती चावी हाय." मी चित्रकलेचा मास्तर. आकार मला कळतात. पण त्याचं बरोबर होतं.

पाणी सोडणाऱ्या माणसावर प्रेम करणारा माणूस कोल्हापुरात जन्माला यायचा आहे. पाणी आलं तर ते महापालिकेमुळे येतं आणि गेलं तर आकारामामुळे जातं, असा साधा हिशेब असतो. धोंडुबाई तर रोज त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्यातल्या दोन पिढ्या ख्रिस्ती होत्या, उरलेल्या हातकणंगल्याकडच्या एका खेड्यातल्या, पण तिचा कुणाशीच भेदभाव नव्हता. आकारामला तिचा राग नव्हता. "बाई वराडली की मला कळतंय, दाब कमी हाय," असं तो म्हणायचा.

आम्ही दोघं एकाच देवळातले, आमच्या गल्लीतल्याच. बाहेरची माणसं चर्च म्हणतात, आम्ही देऊळ म्हणतो आणि तिथं जमणाऱ्या सगळ्यांना मिळून मंडळी म्हणतो. पुरुष उजवीकडच्या बाकांवर, बायका डावीकडं. आकाराम मधल्या वाटेच्या कडेला बसायचा आणि मी त्याच्या शेजारी. आमच्याकडं कुणी जागा ठरवून दिलेल्या नाहीत, पण दुसऱ्याच्या जागेवर बसून बघा म्हणजे कळेल. त्या जागेमुळेच ही सगळी गोष्ट माझ्या नाकासमोर घडली. एरवी मला दुसऱ्याच्या भानगडीत पडायची हौस नाही.

आकारामला एकच मुलगी होती, एस्तेर. घरात तिला इस्तर म्हणत. कॉलेजात कॉमर्सला होती, बापाची जीभ तिला मिळाली होती आणि आईचं हसू, त्यामुळे तिचं बोलणं ऐकून घेता यायचं. मंडळीच्या नाताळच्या नाटकात तिला एका वर्षी देवदूताचं काम दिलं होतं. मेंढपाळ गडबडीत आपलं वाक्य विसरला, तेव्हा तिनं स्टेजवरूनच त्याला सुनावलं, "भिऊ नको म्हणून सांगायला आलेय, तर निदान भी तरी." सगळं देऊळ हसलं. आकाराम तेवढा पुढं बघत बसला होता, पण त्याचे कान लाल झाले होते. त्याला अभिमान वाटला की कान लाल व्हायचे.

१९९५ च्या सुमारास तिचे पाय सुजायला लागले. मग चेहरा सुजला. मग मिरजेला नेलं आणि तिथं कळलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. बापाची किडनी जुळली नाही, आईची जुळली नाही. आठवड्यातून दोनदा एसटीनं मिरजेला जायचं, रक्त धुऊन घ्यायचं, परत यायचं. तिची आई मार्था बालवाडीत आया होती, ती रजा काढून बरोबर जायची. आकाराम सकाळची पाळी संपवून मागून पोचायचा.

त्या आजारात पाणी वर्ज्य असतं. अगदीच वर्ज्य नाही, पण दिवसाला दोन कप. त्यात चहा आला, औषध गिळायचं पाणी आलं, आमटी आली. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, त्यामुळे जास्त प्यालं की ते छातीत साठतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. डॉक्टरांनी हे आकारामला नीट समजावून सांगितलं. पाण्याचं गणित त्याला समजावायला फार वेळ लागला नसणार.

पाणी मोजून द्यायचं काम आकारामनं स्वतःकडं घेतलं, कारण मार्थाला ते जमेना. पोरीनं केविलवाणं तोंड केलं की मार्था अर्धा पेला द्यायची आणि मग स्वतःच रडत बसायची. आकाराम औषधाच्या बाटलीच्या टोपणानं द्यायचा. टोपणभर आत्ता, टोपणभर तासाभरानं. इस्तरनंच ती युक्ती काढली होती, पेल्यानं एकदम संपतं, टोपणानं पुरतं. ती टोपण दोन्ही हातांत धरायची आणि घोट गिळायची नाही. तोंडात धरून बसायची, डोळे मिटून. बराच वेळ. मग गिळायची आणि म्हणायची, "पप्पा, अख्ख्या गावाला सोडताय, आन मला टोपणभर?"

"तुझा दाब कमी हाय," आकाराम म्हणायचा. ती हसायची.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती फारच तळमळत होती. आमच्या गल्लीला पाणी दुपारी यायचं. आकारामनं व्हॉल्व्ह फिरवला आणि घरी येऊन तिच्याजवळ बसला. दारातल्या बॅरलमध्ये नळाची धार पडत होती. सगळ्या गल्लीत त्या वेळी तोच आवाज असतो, घागरींचा, बादल्यांचा, धोंडुबाईचा. इस्तर तो आवाज ऐकत पडली होती. ती म्हणाली, "पप्पा, तांब्याभर द्या की. एकदाच." आकाराम म्हणाला, "उद्या मिरजेस्नं आल्यावर देतो." ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला निघायच्या आधीच ती गेली.

हे त्यानं मला खूप नंतर सांगितलं, एका चेंबरच्या कडेला बसून. ज्या आवाजात तो व्हॉल्व्हचा वायसर गेलाय म्हणून सांगायचा त्याच आवाजात सांगितलं. मग झाकण बसवलं आणि म्हणाला, "मरायचंच हुतं तर तांब्याभर पिऊन मेली आसती की, मास्तर."  

मातीच्या दिवशी आणखी एक प्रकार झाला. गल्लीतली सगळी माणसं मातीला आली होती. हिंदू, बौद्ध, मुसलमान, सगळी. कब्रस्तानातून परत आल्यावर सगळ्यांना अंघोळी करायच्या होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. असणार कसं? सोडणारा घरात डोक्याला हात लावून बसलेला. कुणी बोलेना. धोंडुबाईसुद्धा घागर घेऊन नुसती दारात उभी राहिली, आणि धोंडुबाई गप्प आहे हे बघून आकारामच्या लक्षात आलं. तो उठला, कोपऱ्यातली चावी घेतली, चेंबरपर्यंत गेला आणि पाणी सोडलं. परत आला आणि पुन्हा डोक्याला हात लावून बसला.

यावर गावात दोन मतं पडली. एक म्हणजे हा माणूस दगड आहे. दुसरं मत आमच्या पाळकसाहेबांचं, सयाजी चोपड्यांचं. त्यांनी पुढच्या रविवारी त्यावर प्रवचन केलं, दुःखातही सेवा न सोडणारा विश्वासू सेवक वगैरे. आकाराम खाली बसून ऐकत होता. मला म्हणाला, "घरात समाधान करणारी माणसं लई झालती, म्हणून भायर पडलो."

ती माणसं खरंच लई झाली होती. आमची मंडळी प्रेमळ आहे आणि तिचं प्रेम तोंडावाटे बाहेर येतं. कुणी म्हणालं, यात देवाची काहीतरी योजना असणार. कुणी म्हणालं, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याचीच परीक्षा घेतो. देवळाचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातले गुंडू मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आमचे भूगोलाचे मास्तर, ते म्हणाले, "देवाला आपल्या बागेसाठी सुंदर फूल हवं होतं, म्हणून त्यानं खुडलं."

आकारामनं त्यांच्याकडं बघितलं. "देवाच्या बागंत फुलांची टंचाई हाय व्हय?"

गुंडू मास्तरांनी चहा अर्धा टाकला आणि टोपी घेतली.

त्यानंतर आकारामनं जे केलं ते कळायला त्याच्या खेड्यातली रीत माहीत पाहिजे. त्याच्या बापाचं आणि चुलत्याचं एका भिंतीवरून भांडण होतं. भांडण म्हणजे तोंड बघायचं नाही असं नव्हे. चुलत्याच्या घरच्या लग्नात बाप मांडव घालायला पहिला हजर, मातीला खांदा द्यायला पहिला. पण त्या घरचं पाणी प्यायचा नाही. पंगत उठेपर्यंत वाढायचा आणि घरी येऊन भाकरी खायचा. मरेपर्यंत तसंच चाललं. ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्या घरचं पाणी तोंडाला लावायचं नाही. भांडण मिटलं की आधी त्याच्या घरी पाणी प्यायचं, मग बोलायचं. आमच्या जिल्ह्यात कोर्टापेक्षा या रीतीनं जास्त दावे निकाली निघाले असतील.

आकारामनं तीच रीत देवाला लावली.

तो दर रविवारी देवळात यायचा. आधीपेक्षा लवकर यायचा. गीतं म्हणायचा, बाक पुसायचा, अंगणातला गळका नळ दुरुस्त करायचा. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजन असतं, तेव्हा वडीलमंडळी भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाच्या कपांचा ट्रे घेऊन बाकाबाकाशी यायची, आणि तो ट्रे आकारामच्या पुढ्यात आला की तो नुसता माझ्याकडं सरकवायचा. गरम तवा हाताला लागला की सरकवतात तसा. त्या काचेच्या कपांत किती मावतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे. औषधाच्या बाटलीच्या टोपणाइतकं.

हे मला कळायला दोन वर्षं लागली. आकार मला कळतात, असं मी वर म्हटलंय खरं.

पाळकसाहेब त्याच्या घरी गेले. मीही होतो. चोपडे माणूस चांगला, शिरोळकडचा, नदीकाठच्या मळीच्या रानासारखं मऊ बोलणारा. म्हणाले, "आकाराम, मनात अढी ठेवून किती दिवस राहणार?"

"अढी हाय म्हणूनच घेत न्हाय. अढी ठेवून घ्यायचं न्हाय, असं तुमीच सांगताय न्हवं?"

"अहो, पण ते माणसांविषयी. देवाशी कुठं भांडता येतं?"

"यतंय की. चाललंय."

"त्यानं काय केलं म्हणजे तुमचं समाधान होईल?"

आकारामनं जरा विचार केला. "त्येला काय कळतंय, ते मला कळाय पायजे. वर बसून फर्मान सोडायला काय लागतंय? आमचं सायेब बी सोडत्यात. त्येच्या पोटचं असतं म्हंजे कळलं असतं."

पाळकसाहेबांच्या तोंडावर उत्तर आलेलं मला दिसलं. ते उत्तर आमच्या संडे स्कूलच्या पोरालाही येतं. पण मार्थानं आतून त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी चहा प्यायला. मार्था स्वतः प्रभुभोजन घ्यायची. ती म्हणायची, "त्यांचं भांडान त्यास्नी मिटवू दे. मी दोघांच्याबी घरातली हाय."

वडीलमंडळात त्याचं नाव यादीतून कमी करायचा विषय एकदा निघाला. इतकी वर्षं प्रभुभोजन न घेणारा सभासद कसला, असं म्हणणं पडलं. मग कुणीतरी विचारलं की नळ कोण दुरुस्त करणार. विषय तिथंच थांबला.

असं २००१ साल उजाडलं.

आमच्याकडं गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते. येशूनं क्रुसावरून काढलेले सात उद्गार, आणि प्रत्येकावर एकेकानं बोलायचं. हे उद्गार वाटून घ्यायची बैठक म्हणजे एक बघण्यासारखा प्रकार. पहिला क्षमेचा, तो पाळकांचा ठरलेला. दुसरा शेजारच्या क्रुसावरच्या चोराचा, त्याला मागणी भरपूर, कारण चोरांवर बोलायला सगळ्यांना आवडतं. पाचवा कुणाला नको असतो. तहान लागल्याचा. त्यात बोलण्यासारखं काही नाही, असं मानतात. तो वर्षानुवर्षं गुंडू मास्तरांकडं होता. ते त्यात यहूदियाचं हवामान, पर्जन्यमान आणि विहिरी सांगायचे. मंडळीतली निम्मी माणसं त्या उद्गाराला डुलक्या काढायची, भर उन्हाची वेळ.

त्या वर्षी गुंडू मास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. पाळकसाहेबांनी बाकाबाकावर नजर फिरवली. आकाराम कोपऱ्यात खिडकीची कडी बसवत होता. पाळकसाहेब हसून म्हणाले, "आकाराम, तुमचं खातं पाण्याचंच. पाचवा उद्गार तुम्ही घ्या."

सगळे हसले. आकारामनं पान्हा खाली ठेवला. "बरं," म्हणाला.

पाळकसाहेबांना बाकी सगळं माहीत होतं, पण त्या दुपारचं आणि तांब्याचं माहीत नव्हतं. मी त्यांना दाराशी गाठून सांगितलं.  त्याच पावली ते आकारामच्या घरी गेले, म्हणाले, "माझी चूक झाली. मी दुसऱ्या कुणाला देतो."

"आता न्हाय," आकाराम म्हणाला. "नाव दिलंय न्हवं. वाचतो काय लिवलंय त्ये."

त्यानं खरंच वाचलं. त्या दोन आठवड्यांत तो चेंबरच्या कडेला बसून पवित्र शास्त्रातलं तेवढंच पान वाचायचा. वाचायचं, मग नळाला पाणी आलं का बघायचं, मग पुन्हा तेच पान. एकदा मला विचारलं, "मास्तर, त्या वक्ताला बाप कुटं हुता?" मी म्हटलं, "कुणाचा?" तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

गुड फ्रायडेला देऊळ भरलं होतं. बाहेर एप्रिलचं ऊन. पंखे फिरत होते, त्यामुळे गरम हवा सगळ्यांना सारखी मिळत होती. चौथा उद्गार संपला, गीत झालं आणि पाळकसाहेबांनी आकारामचं नाव घेतलं. तो ड्यूटीवरूनच आला होता, खाकी शर्टात. चावी बाहेर भिंतीला टेकवली होती. तो पुढं गेला. हातात कागद नव्हता. त्यानं माईककडं संशयानं बघितलं.

"सलाम," तो मंडळीच्या रीतीनं म्हणाला. "मला बोलाय येत न्हाय. सांगितलं म्हणून आलोय.

"पाचवा उद्गार तहानंचा हाय. येशूला तहान लागली. त्यो म्हणाला, तहान लागलीया. बाकीचं गुंडू मास्तर दरवर्षी सांगत्यात.

"मी पाणी सोडतो, त्ये तुमाला म्हाईत हाय. माझ्या पोरीला मी पाणी दिलं न्हाय. डाक्टरनी न्हाय म्हणून सांगितलं हुतं. ती मागत हुती. मी म्हटलं, उद्या देतो. उद्या ती न्हवती.

"तवापास्नं माझं देवाशी भांडान हाय. त्ये बी तुमाला म्हाईत हाय. मला वाटायचं, त्येला काय कळतंय.

"आता ह्ये वाचलं. पोरगं म्हणतंय तहान लागलीया. बाप ऐकतोय. बापाकडं पाणी न्हाय, असं न्हाय. नदी त्येची, पाऊस त्येचा. चावी त्येच्याच हातात. आन त्येनं दिलं न्हाय."

 डुलक्या कुणीच काढत नव्हतं.

"का दिलं न्हाय, त्ये मला म्हाईत न्हाय. पाळकसायबास्नी म्हाईत आसंल. पण पोरगं मागतंय, हातात चावी हाय, आन द्यायचं न्हाय, तवा बापाच्या आत काय हुतंय, त्ये मला म्हाईत हाय. ह्या देवळात दुसऱ्या कुणाला म्हाईत न्हाय. मला वाटायचं मी येकटाच हाय."

त्यानं वर बघितलं. वर आमच्या देवळाचे पत्रे आहेत.

"त्येला बी म्हाईत हाय," तो म्हणाला. "येवढंच. पाणी सोडायची वेळ झालीया. मी जातो."

आणि तो गेला. मधल्या वाटेनं सरळ दारापर्यंत, चपला घातल्या, चावी खांद्यावर टाकली आणि गेला. पेटीवाल्यानं पुढचं गीत सुरू करायचं होतं, त्यानं केलं नाही. पाळकसाहेब उठले आणि पुन्हा बसले. बायकांच्या बाजूला मार्था मान ताठ करून पुढं बघत होती.  

मग अंगणातल्या नळातून हवा सुटली. कुणीतरी तो उघडा ठेवला होता. आधी फुसफुसला, मग खाकरला, मग खाली ठेवलेल्या बादलीत धार पडायला लागली. सगळं देऊळ ते ऐकत बसलं. बादली भरली, वाहायला लागली. एरवी पाणी वाया जातंय म्हणून चार बायका धावल्या असत्या. त्या दिवशी नळ बंद करायला कुणी उठलं नाही. गल्लीतून धोंडुबाईचा आवाज आला, दाब कमी आहे म्हणून.

आमची उपासना त्या वर्षी तीनच्या आधीच संपली. उरलेले दोन उद्गार पाळकसाहेबांनी नुसते वाचले.

दोन दिवसांनी ईस्टर. ईस्टरला प्रभुभोजन असतंच. मी नेहमीच्या जागी बसलो होतो. आकाराम आला, धुतलेला पांढरा शर्ट घालून, माझ्या शेजारी बसला.  ईस्टरबद्दल त्याला काय वाटतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही, आणि त्यानंही आपण होऊन काही सांगितलं नाही. पोरगी परत भेटेल, असं मंडळी त्याला पाच वर्षं सांगत होती. त्यावर तो कधी वाद घालत नसे. "भेटली की आधी तांब्या देणार," एवढंच एकदा म्हणाला होता.

भाकरीचं ताट आलं. सवयीनं मी हात पुढं केला, तो सरकवणार म्हणून. त्याचा हात ताटावरच थांबला होता. त्यानं एक तुकडा उचलला, तळहातावर ठेवून बघितला आणि खाल्ला. ताट घेऊन उभ्या असलेल्या वडीलमंडळातल्या गृहस्थांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं.

मग कपांचा ट्रे आला. आकारामनं एक कप उचलला. दोन्ही हातांत धरला. इतका छोटा कप दोन हातांत कुणी धरत नाही, तो दोन बोटांत मावतो. त्यानं तो तोंडाला लावला, रिकामा करून ट्रेमध्ये ठेवला आणि डोळे मिटले. घोट त्यानं गिळला नव्हता. तो तोंडात धरून बसला होता.

ट्रे घेऊन ते गृहस्थ थांबले. मागच्या बाकांवरची माणसं माना उंच करून बघायला लागली. मला रडायला आलं आणि मी रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बायकांच्या बाजूनं मार्था बघत होती.

बऱ्याच वेळानं त्याचा गळा हलला. त्यानं डोळे उघडले, ट्रे माझ्याकडं सरकवला आणि म्हणाला, "घ्या मास्तर. मिटलं."